अर्ज ऑनलाइन झाला, पण फाईल कोणाच्या टेबलावर आहे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीचा निकाल लागला की नागपुरात सेतू केंद्रासमोर पोरांची न आईबापांची जी गर्दी होते ती सगळं ऑनलाइन होऊनही कमी झाली नाही. यंदा पुतणीचं नॉन क्रिमिलेअर काढायला मी गेलो होतो. काउंटरवरचा पोरगा बिचारा एकेकाचे कागद स्कॅन करून 75 ते 500 केबीत बसवून राहिला होता आणि वाडीहून रोजी पाडून आलेले एक काका त्याला विचारून राहिले होते की तुमच्याच पोर्टलवरून काढलेलं जातीचं सर्टिफिकेट आहे, त्याच्यावर बारकोड पण आहे, मंग पुन्हा झेरॉक्स कायले लागते? बरोबरच होतं त्यांचं.

अर्ज भरला, पावती मिळाली, मोबाईलवर मेसेज आला, इथपर्यंत झकास. त्याच्यानंतर स्टेटसमध्ये नुसतं 'प्रक्रियेत' दिसत राहते आणि मुदत संपायला आली की त्रुटी निघते, वडिलांची टीसी पुसट आहे म्हणे. ती जोडली की आठ दिवसांनी दुसरी त्रुटी! अहो, सगळ्या त्रुटी पहिल्याच तपासणीत एकदम सांगा ना. इकडे पोरांची ॲडमिशनची तारीख निघून जाते.

ऑनलाइनचा फायदा नाही असं मी म्हणत नाही. डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत घरबसल्या निघतो, तलाठी कधी भेटतील याची वाट पाहावी लागत नाही. तिथं रेकॉर्ड आधीच सही होऊन तयार असते म्हणून जमते. दाखल्यात मात्र मधात माणसाची मंजुरी आहे आणि ती टेबलं जुन्याच चालीनं चालू आहेत, फक्त कागदाची पीडीएफ झाली.

2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यात मुदत आहे, अपील आहे, विनाकारण उशीर केला तर 500 ते 5000 रुपये दंड पण आहे. पण फाईल कोणाकडे किती दिवसांपासून पडून आहे हेच अर्जदाराला दिसत नसेल तर त्यानं अपिलात लिहायचं काय? ते टेबल आणि तारीख पोर्टलवर दाखवा, न त्रुटी काढल्यावर मुदतीचं काय झालं तेही तिथंच लिहा. सरकारनंच दिलेला दाखला सरकारनंच पुन्हा मागणं तर लगेच बंद व्हायला पाहिजे, त्याले कोणत्या नवीन ॲपची गरज नाही.

आपला,
एक वाचक, मानेवाडा, नागपूर