चुकलेला गोल

प्रिय गड्या,

दिवाळीपासून ना फोन, ना मेसेज. शिव्या दे, पण आधी वाच. हे तुझ्याशिवाय कोणाला सांगू? आई म्हणते, "फोटो निघाला नं बाप्पा, मग काऊन जीवाला लावून घेतो?" तिचे गुडघे तसेच, मी बरा.

परवा रात्री सीटी स्कॅनला एक काका आले. कापूस वेचता वेचता छातीत फाटल्यासारखं दुखलं आणि कळ पाठीत उतरली. बोटांवर बोंडांचे ओरखडे तसेच ताजे. डाव्या हातात बारीक गुलाबी सुई लावलेली होती. मी ती बदलून उजव्या कोपरात जाड हिरवी लावायला लावली. यावरूनच गच्चीवर आपला दोन दिवस अबोला होता ना! डावीकडची शीर महाधमनीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मोठ्या नळीच्या, कमानीपुढून जाते, घट्ट कॉन्ट्रास्टचे (स्कॅनमध्ये रक्त चमकवणाऱ्या औषधाचे) पट्टे नेमके तिथेच पडतात, हे तुझं म्हणणं. बरोबर होतं लेका, लेखी देतो. पण मेसच्या झुणक्याची पैज मीच जिंकलो होतो, ते पैसे अजून यायचे आहेत.

३५० ताकदीचं कॉन्ट्रास्ट ९० एमएल, सेकंदाला ४ एमएल, मागून ४० एमएल सलाईन. औषध पोचलं की कळावं म्हणून स्क्रीनवर उतरत्या महाधमनीत मोजणीचा गोल ठेवला; त्यातली चमक १५० एचयूला (स्कॅनमधलं घनतेचं माप) गेली की स्कॅन आपोआप सुटणार. दहा सेकंद, पंधरा, वीस. चमक दाखवणारी रेष उठेचना. वाटलं, शीर फुटली. इंजेक्टरचं प्रेशर पाहिलं, ठीक. मग चित्राकडे नजर गेली. गोलाला लागून चंद्रकोरीसारखी बारीक फट लख्ख चमकत होती! मोठी जागा पाहून मी गोल ठेवला तो फॉल्स ल्युमेनमध्ये, म्हणजे महाधमनीचा आतला थर फाटून झालेल्या खोट्या पोकळीत, आणि रक्त धावत होतं त्या कोरीतून. पंचविसाव्या सेकंदाला हाताने स्कॅन सोडला. मिळालं सगळं. सत्तराव्याला पुन्हा घेतला, तेव्हा कुठे फॉल्स भरलेला दिसला.

डॉक्टर म्हणाले, छान केलंस. मला मात्र झोप नाही. कारण प्लेनमध्ये, म्हणजे औषधाआधीच्या स्कॅनमध्ये, कॅल्शियमचा एक पांढरा कण भिंत सोडून आत सरकलेला होता. मी तो पाहिला होता रे! वयाचा असेल म्हणून पुढे गेलो. आतला थर सुटलाय हे थांबून ओळखलं असतं तर गोल कुठे ठेवायचा ते तिथेच कळलं असतं. रेषेकडेच पाहत बसलो असतो तर डोस वाया गेला असता, आणि काकांचं क्रिएटिनिन १.९, म्हणजे किडन्या आधीच थकलेल्या. दुसरा डोस कोणत्या तोंडाने मागितला असता?

तुझ्या बदलीचं काय झालं? छोटीचे दात आले का? वहिनींना नमस्कार.

काकांना त्याच रात्री नागपूरला नेलं. मुलाचा नंबर खिशात आहे, लावायचा धीर होत नाही. रविवारी मोकळा असशील तर ये. नाव झाकून तो प्लेन तुझ्यापुढे ठेवतो, काही न सांगता. तू गोल कुठे ठेवतोस ते मला पाहायचं आहे.

तुझाच