कलम 64-अ कोणी सांगितलेच नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

26 जूनला अमली पदार्थविरोधी दिनानिमित्त आपण अख्खे पान दिलेत. शाळकरी मुलांच्या फेरीचा फोटो, शपथेचा मजकूर, पकडलेल्या मालाचा हिशेब आणि खाली 'गर्दुल्ल्यांचा सुळसुळाट' अशा मथळ्याची बातमी. पान दोनदा वाचले. ज्या घरातला मुलगा आज एमडी (मेफेड्रोन नावाची नशेची पूड) घेतोय, त्या घराने उद्या सकाळी उठून करायचे काय, एवढे मात्र त्यात कुठे सापडले नाही.

नाशिकरोडला माझे मेडिकल आहे, 31 वर्षे झाली. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या पोलिसांनी येऊन शेजारच्या शिंदे गावातला एमडीचा कारखाना उघडकीला आणला, तेव्हा आमच्याकडे मोर्चे निघाले, निवेदने दिली गेली, चौकाचौकात फ्लेक्स लागले. सुमारे 300 कोटींचा माल म्हणून तो आकडा पानपट्टीवरच्या पोरांनाही पाठ झाला. त्या महिन्यात माझ्या दुकानात तीन आया वेगवेगळ्या वेळी येऊन एकच प्रश्न हळू आवाजात विचारून गेल्या, 'झोपेची गोळी द्या ना, पोरगा तीन रात्री झोपला नाही.' चिठ्ठीशिवाय देता येत नाही म्हटल्यावर निघून गेल्या. डॉक्टरकडे न्या, असे मी तिघींनाही सांगितले. एकही गेली असेल असे वाटत नाही.

का गेल्या नसतील, ते मला माझ्याच घरात कळले. माझा भाचा एमडी घेत होता. बहिणीला आठ महिने आधीपासून ठाऊक होते, मला सांगितले नाही. सांगितले तेव्हा पहिले वाक्य होते, 'दादा, दवाखान्यात नेलं तर पोलिसात नाव जाईल ना रे?' मी औषधांच्या धंद्यातला माणूस, कायद्याच्या वह्या लिहिणारा, आणि मलाही उत्तर येत नव्हते. बहुतेक जाईल, असे म्हणालो. त्या माझ्या एका शब्दाने आणखी दोन महिने गेले.

उत्तर कायद्यातच होते. 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात 64-अ नावाचे कलम आहे. नशा करण्याचा किंवा अल्प प्रमाणात माल जवळ बाळगण्याचा आरोप ज्याच्यावर आहे, असा व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालवता येत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येते, एवढीच अट. एमडीच्या बाबतीत अल्प म्हणजे 2 ग्रॅमपर्यंत, आणि 50 ग्रॅमच्या पुढे व्यापारी प्रमाण. ज्याच्यावर गुन्हाच नोंदलेला नाही, जो नुसता आईचा हात धरून डॉक्टरसमोर बसला आहे, त्याची गोष्ट तर आणखी साधी. बहिणीला वाटत होते तशी पोलिसांची गाडी तिथे उभी नसते.

हे कलम कोणाला माहीत असते? 2001 मध्ये कोकेनच्या प्रकरणात पकडल्या गेलेल्या एका हिंदी सिनेनटाला मुंबईच्या न्यायालयाने 2012 मध्ये याच कलमाखाली खटल्यातून मोकळे केले. त्याच्याकडे वकील होते. योग्यच झाले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण देवळाली गावातल्या रिक्षावाल्याच्या पोराला हे कलम कोण सांगणार? कलम 27 मात्र सगळ्यांना दिसते : एमडी किंवा गांजा घेताना सापडलात तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड, हेरॉइन-कोकेनसारख्या मालाला एक वर्ष किंवा 20,000. एकदा आत जाऊन आलेल्या पोराला ना नोकरी मिळते ना डॉक्टर. ओळखी तेवढ्या नव्या होतात, आणि त्या कसल्या ते सांगायला नको.

भाच्याला आम्ही आधी चुकीच्या ठिकाणी नेले, तेही लिहायलाच हवे. शहराबाहेरचे खासगी 'केंद्र', नाव देत नाही. महिन्याचे पैसे आगाऊ, फोन बंद, भेट बंद. वीस दिवसांनी बहीण रडून-भांडून आत गेली तेव्हा पोराच्या पाठीवर वळ होते आणि रात्री खोलीला बाहेरून कुलूप. तिथला माणूस म्हणाला, 'ताई, हे असंच सुटतं.' 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि ड्रग्जच्या वापरामुळे होणारे मानसिक त्रास आजारात मोडतात आणि कोणत्याही रुग्णाला कसल्याही प्रकारे साखळीने बांधायला सक्त मनाई आहे. म्हणजे कायदा इथेही आहे. अशा केंद्रांवर नोंदणी तपासायला कोण जाते, हे एखाद्या बातमीदाराने शोधले तर ते पान मी जपून ठेवीन.

नंतर एका मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी पहिल्यांदा एक गोष्ट सांगितली, जी मला केमिस्ट असून माहीत नव्हती. गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, सोडताना जी टर्की लागते, अंग मोडून येते, नाकाडोळ्यांतून पाणी वाहते, तिच्यावर औषध आहे. ब्युप्रेनॉर्फिनची गोळी सरकारी केंद्रात जिभेखाली ठेवून देतात. एमडीचे तसे नाही. सुटल्यावर मुलगा दिवसेंदिवस झोपतो, मग उदास होतो, खाल्ले तरी संशय घेतो की भातात काहीतरी घातलेय. त्याला पर्यायी गोळी नाही. तिथे लागतो वेळ आणि रोज बोलणारे माणूस. घरच्यांनी 'नाटकं करतो' म्हणायचे बंद करणे हाही उपचारच, असे ते म्हणाले. आम्हाला ते जमायला बराच काळ गेला.

महाराष्ट्राला हे नवीन आहे असेही नाही. एनडीपीएस कायदा आला 1985 मध्ये, आणि गर्दने मुंबई-पुण्याची तरणी पोरे खाल्ली जात असताना 29 ऑगस्ट 1986 ला डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांच्या देणगीतून येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तिथे बरे झालेले पेशंटच पुढे कार्यकर्ते झाले, पेशंटच्या बायकांसाठी वेगळा 'सहचरी' गट झाला. म्हणजे दांडका आणि दवाखाना दोन्ही जवळजवळ एकाच वेळी आपल्याकडे आले. दांडक्याची बातमी रोज होते. दवाखान्याची होते ती वर्धापनदिनाला.

मला पोलिसांविरुद्ध काही म्हणायचे नाही. कारखाने चालवणाऱ्यांना, कच्चा माल पुरवणाऱ्यांना आणि कॉलेजच्या गेटवर पुड्या विकणाऱ्यांना कायद्यात असेल तेवढी शिक्षा व्हावी. माझ्या धंद्यातल्या लोकांनाही व्हावी. आणि इथे मीही सुटत नाही. दुकान नवे होते तेव्हा एक विशीतला मुलगा रोज कोडीनच्या, म्हणजे नशा येणाऱ्या, खोकल्याच्या औषधाच्या दोन बाटल्या न्यायचा. त्याला खोकला नाही हे मला दिसत होते. चार-पाच महिने मी दिल्या. गल्ल्यात पैसे पडत होते. मग तो यायचा बंद झाला आणि मी चौकशीही केली नाही. 2014 पासून एच-वन यादीतल्या, म्हणजे कडक नियंत्रणाखालच्या, औषधांची वेगळी वही ठेवावी लागते, त्यात पेशंटचे नाव, डॉक्टरचे नाव, किती दिले ते लिहून तीन वर्षे जपावे लागते. मालेगावात ज्याला कुत्ता गोळी म्हणतात ते अल्प्राझोलम हे गुंगीचे औषधही त्याच यादीत. वही भरताना तो मुलगा अजून आठवतो. त्याचे नाव मला माहीत नाही, तेव्हा मी ते कुठे लिहिलेच नाही.

'मग सगळेच माफ करा' असेही माझे म्हणणे नाही. पोर्तुगालने 2001 मध्ये स्वतःपुरती नशा गुन्ह्यातून काढून तीन सदस्यांच्या समितीकडे दिली, पण त्याबरोबर उपचारही उभे केले. अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने 2020 च्या मतदानाने तसेच केले, उपचारांचा पैसा वेळेत पोचला नाही, रस्ते नशा करणाऱ्यांनी भरले, आणि 2024 मध्ये कायदा पुन्हा फिरवावा लागला. आपल्याकडे तर आधीच उपचारांची वानवा. एम्सच्या 2019 च्या अहवालानुसार ड्रग्जच्या पुरत्या आहारी गेलेल्या चार माणसांत एकाला कधीतरी कसले तरी उपचार मिळालेले असतात, आणि दारूच्या बाबतीत 38 मध्ये एकाला. (दारूचा आकडा वाचून सरकारी तिजोरीला काय वाटत असेल, हा वेगळ्या पत्राचा विषय.)

तेव्हा विनंती आपल्याला आहे, सरकारला नाही. मुद्देमालाच्या टेबलामागे उभ्या अधिकाऱ्यांचा फोटो छापा, हरकत नाही. त्याच्याच खाली दर वेळी तीन ओळींची चौकट द्या : व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14446, जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग कोणत्या वारी असतो ते, आणि स्वतःहून उपचार घेणाऱ्याला कलम 64-अ चे संरक्षण आहे हे वाक्य. जागेची अडचण असेल तर मथळ्यातला 'गर्दुल्ला' काढा, थोडी जागा होईल. माझ्या बहिणीने त्या शब्दामुळे पेपर बंद केला होता. आता पुन्हा सुरू केलाय.

भाचा दीड वर्ष सावरला आहे. मधे एकदा घसरला, पण तेव्हा स्वतःच येऊन सांगितले. कुरिअरच्या ऑफिसात कामाला जातो.

माझे नाव-पत्ता आपल्याकडे असू द्या, छापू मात्र नये. माझी स्वतःची काही हरकत नव्हती. बहीण नको म्हणाली. भाच्यासाठी स्थळे बघणे चालू आहे.

आपला,
एक औषधविक्रेता, नाशिकरोड