विजेच्या मोटरीची बॅटरी वेगळीच हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हतनूर, गिरणा जलाशयांत गळ टाकणाऱ्यांना नावेवर पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची छोटी मोटर सोयीची पडते. लांबचा पल्ला इंजिनाने गाठायचा, काठाजवळ आवाज न करता मोटरीने सरकायचे. पण मोटर इंजिनाच्या स्टार्टरच्या बॅटरीला जोडली, की संध्याकाळी इंजिन सुरू होत नाही. शिवाय त्या बॅटरीच्या पातळ प्लेटा वारंवार पूर्ण उतरल्या की लवकर बाद होतात. वारंवार उतरणे सोसणारी इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी बरी; वजनाने जड, म्हणून नावेच्या मध्यावर तळाशी पट्ट्याने बांधावी.

१२ व्होल्टची, ५५ पौंड रेट्याची मोटर पूर्ण वेगात साधारण ५० अँपिअर ओढते. १०० अँपिअर-तासांची बॅटरी निम्मीच वापरायची म्हटले तर तासभरही पुरत नाही. १० अँपिअरवर मात्र चार-पाच तास निघतात. बॅटरीच्या धन (+) टोकाजवळ ६० अँपिअरचा फ्यूज हवाच. वायर बारीक असेल तर ती तापते, मोटरही मंदावते. घरगुती वायरिंगचा तुकडा इथे कामाचा नाही.

इंजिन सुरू करण्याआधी मोटर पाण्याबाहेर उचलून अडकवा, नाहीतर वेगात तिचा दांडा वाकतो किंवा पकड तुटते. पंख्यामागे नायलॉनची दोरी गुंडाळली, तर सील कापून पाणी आत शिरते. म्हणून पंखा अधूनमधून काढून पाहावा. चार्जिंग घरी, मोकळ्या हवेत, पेट्रोलच्या डब्यापासून दूर. आणि वल्ही नावेत असू द्यावीत.

– एक वाचक, भुसावळ