घराण्यातला रक्तदाब आणि आपली बेफिकिरी

महोदय,

‘आमच्या घराण्यातच बीपी आहे, ते होणारच’ हे वाक्य यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात सर्रास ऐकू येते. माझे वडील अर्धांगवायूने गेले, थोरल्या भावाला ऐन पंचेचाळिशीत गोळी सुरू झाली, तरीही ताटात वरून मीठ घेण्याची आमच्या घरची सवय सुटायला आणखी चार वर्षे लागली, याची खंत आजही वाटते.

आईवडिलांना उच्च रक्तदाब असल्यास मुलांचा धोका वाढतो हे खरे. परंतु मीठ, वजन आणि तंबाखू यांवर ताबा ठेवल्यास तो कमी करता येतो. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा मीठ सांगते. त्यात भाकरीवरचा ठेचा, लोणचे आणि तळणीची मिरचीही धरायची असते, हे आमच्याकडे कुणी मोजत नाही. तंबाखू-सुपारीचा खर्रा तर सोळा-सतरा वर्षांच्या पोरांच्याही खिशात असतो.

‘डोके दुखत नाही, मग तपासायचे कशाला?’ हा प्रश्न मला सर्वांत घातक वाटतो, कारण हा आजार बहुधा लक्षणांविना वाढतो. तिशीपुढील प्रत्येकाची तपासणी उपकेंद्रात मोफत होते. आशाताईंनी ज्या घरात रुग्ण आहे, त्या घरातील तरुण मुलामुलींचाही रक्तदाब तपासून घ्यावा, असे आदेश जिल्हा परिषदेने द्यावेत, ही कळकळीची विनंती.

एक शेतकरी वाचक,
जि. यवतमाळ