ओसाकाच्या किल्ल्याविषयी बाबांना

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोटोत किल्ल्याला टेकलेली लिफ्ट पाहून तुम्ही "हा खरा की खोटा?" असे विचारलेत, आणि फोनवर त्याचे धड उत्तर मला देता आले नाही, म्हणून हे पत्र.

जळून गेलेल्या एका बौद्ध मठाच्या जागी जपानचा तेव्हाचा सर्वांत बलाढ्य सरदार तोयोतोमी हिदेयोशी याने १५८३ मध्ये हा किल्ला बांधायला घेतला. १६१५ च्या उन्हाळ्यात तोकुगावा या प्रतिस्पर्धी घराण्याच्या फौजेने तो घेतला, तेव्हा मुख्य मनोराही जळाला. पुढे १६२० पासून तोकुगावांनी हिदेयोशीची तटबंदी चक्क मातीखाली गाडून तिच्यावर आपली नवी तटबंदी रचली. शत्रूचे नाव पुसण्याची इतकी खर्चिक रीत मी दुसरी ऐकलेली नाही. गाडलेल्या भिंतींचा पत्ता थेट १९५९ मध्ये लागला. साकुरा दरवाजातून आत शिरताच समोर येणारी 'ताकोइशी', म्हणजे ऑक्टोपस-शिळा, हीदेखील तोकुगावांच्याच काळातली. तिचा दर्शनी भाग साठेक चौरस मीटर भरतो आणि वजन शंभर टनांहून अधिक असल्याचे मानतात. डाव्या कोपऱ्यात खाली तांबूस डाग आहे, त्यात डोके दिसते म्हणून हे नाव. मला ते बऱ्याच वेळाने दिसले.

तोकुगावांचा मनोरा १६६५ मध्ये वीज पडून जळाला आणि अडीचशेहून अधिक वर्षे जोते रिकामेच राहिले. आजचा मनोरा १९३१ चा, सिमेंट-पोलादाचा, नागरिकांच्या पंधरा लाख येन वर्गणीतून झालेला. जागा लष्कराची असल्यामुळे त्यातली निम्म्याहून अधिक रक्कम लष्कराच्या मुख्यालयाच्या इमारतीवर गेली, हे वाचून तुम्हाला हसू येईल. जोते तोकुगावांचे, पण वरचे रूप एका जुन्या चित्रपडद्यावरून घेतलेले हिदेयोशीच्या मनोऱ्याचे. सर्वांत वरच्या काळ्या भागावर सोनेरी वाघ आहेत. आतली लिफ्टही पहिल्या दिवसापासूनची, फोटोतली बाहेरची मात्र नंतर जोडलेली. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यांतून तो वाचला आणि १९९७ मध्ये सरकारने त्याची सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद केली.

हिदेयोशीचा मनोरा तीस वर्षे टिकला, तोकुगावांचा चाळीसच्या आतच संपला. या 'खोट्या'ने मात्र नव्वदी ओलांडली आहे. त्याला खोटा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आईला सांगा, गुडघ्यांची काळजी नको. पाचव्या मजल्यापर्यंत लिफ्ट जाते, वरचे तीन मजले मी हात धरून चढवीन.

आपली,
धाकटी