नाव लिहायला जागा नसलेली देणगी

सप्रेम नमस्कार.

आपल्या मंडळाच्या सभामंडपात एक सूर बारा महिने फुकट मिळतो. ॲम्प्लिफायर चालू केला की स्पीकरमधून 'घूंऽऽ' सुरू होतं, ते पांढरी पाचच्या, म्हणजे पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीच्या सुराच्या, जेमतेम श्रुतीभर वर. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, तिची दुप्पट 100, आणि मंद्रातली, म्हणजे खालच्या सप्तकातली, पांढरी पाच साधारण 98. म्हणजे धड त्या पट्टीत नाही आणि धड तिच्याबाहेरही नाही. गेल्या चैत्रात पांढरी पाचमध्ये गाणाऱ्या एका बाईंनी तानपुरा चार वेळा लावला. पाचव्यांदा खुंटीवरचा हात काढून म्हणाल्या, "तानपुरा बरोबर आहे हो, तुमची भिंत बेसूर आहे." मंडळी हसली. मागे मिक्सरपाशी बसलेले आम्ही मान खाली घालून वायरी चाचपत राहिलो.

आणि हे कुठे, तर ग्वाल्हेरात. वासुदेवबुवा जोशींकडे शिकून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी जी गायकी महाराष्ट्रात नेली, ती इथली. संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांच्या पुढाकारानं 1918 साली माधव संगीत महाविद्यालय सुरू झालं, ते इथेच. 2023 मध्ये युनेस्कोनं आपल्या शहराला संगीतनगरी म्हटलं. तेव्हा कोणी पाहणीला आपल्या मंडपात डोकावलं नाही, हे एका परीनं बरंच झालं.

या आवाजाचं कारण आता नीट कळलं आहे. मिक्सर मागे दाराशी आहे, त्याची अर्थिंग मागच्या बोर्डावरून येते. ॲम्प्लिफायर मंचाच्या बाजूला, त्याची अर्थिंग मंचाच्या बोर्डावरून. दोन अर्थिंगमध्ये फरक असला की वीज वाट शोधते, आणि तिला वाट मिळते ती दोघांना जोडणाऱ्या अंगठ्याहून जाड स्नेक केबलच्या, म्हणजे सगळ्या माइकच्या वायरींच्या एकत्र जुडीच्या, धातूच्या जाळीतून. ही केबल भिंतीच्या कडेनं पंख्यांच्या वायरींसोबत मुक्कामाला आहे, त्यामुळे पंखा दोनवरून तीनवर केला तरी स्पीकरला कळतं.

इतक्या वर्षांत यावर उपाय म्हणून आपल्याला काय मिळालं? स्पीकर. आज मंडपात अकरा आहेत, त्यांतले सात चालतात. प्रत्येकाच्या पेटीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' लिहिलेलं आहे. देणाऱ्यांची भावना मोठी, त्याबद्दल तक्रार नाही. पण घरघर अकरा तोंडांनी ऐकवली तरी ती घरघरच. वायर आजवर एकानंही दिली नाही. कारण उघड आहे, वायरीवर नाव लिहिता येत नाही.

या वेळी आम्ही वायरच मागतो आहोत.

दोन वर्षांपूर्वी बाहेरगावी स्थायिक झालेल्या आपल्याच एका कुटुंबानं मंडळाला डिजिटल मिक्सर दिला. त्याच्या पाठीमागे डान्टेचं कार्ड आहे, म्हणजे संगणकाच्या साध्या नेटवर्क केबलवरून आवाज नेण्याची सोय. त्या पोर्टवर अजून कारखान्याची रबरी टोपी आहे. मिक्सर नवा आणि त्याला जोडलेली स्नेक माझ्या लग्नाच्या आधीची, असा आपला संसार चालला आहे.

ठरवलं आहे ते असं. मंचावर सोळा माइकची स्टेजबॉक्स, म्हणजे माइक जोडायची पेटी, बसवायची. माइकमधून आलेल्या आवाजाची तिथल्या तिथे सेकंदाला 48,000 मापं घेऊन आकडे करायचे, आणि ते आकडे एका कॅट-सिक्स नेटवर्क केबलनं मिक्सरपर्यंत न्यायचे. नेटवर्कच्या पोर्टमध्ये बारीक ट्रान्सफॉर्मर असतात, त्यामुळे दोन टोकांच्या अर्थिंग एकमेकींना भेटतच नाहीत आणि घरघरीची वाट तुटते. म्हणूनच केबल साधी, विनाजाळीची हवी. जाळीवाली महागडी केबल घेऊन कोणी आग्रह केला, तर आम्ही हात जोडून नको म्हणणार आहोत. तांब्याच्या केबलची मर्यादा 100 मीटर, आपली सगळी वळणं धरून 55 भरतात.

मागच्या खोलीचंही काम याच फेरीत होईल. गुडघ्यांमुळे खाली बसू न शकणाऱ्या आपल्या आज्या, मावश्या तिथे खुर्च्यांवर बसून कीर्तन ऐकतात. मंचापासून ती खोली 24 मीटर. हवेतून आवाज तिथे पोचायला सुमारे 70 मिलिसेकंद लागतात आणि तारेतून तो लगेच पोचतो, म्हणून खोलीतल्या स्पीकरवर बुवा आधी बोलतात आणि मंडपातून मग बोलतात. एका मावशींच्या शब्दांत, "एका अभंगात दोन अभंग होतात." त्या स्पीकरला वेगळी लाइन दिली की तो मुद्दाम 70 मिलिसेकंद मागे ठेवता येतो. आजच्या जोडणीत ते जमत नाही.

हे सगळं ऐकीव नाही, करून पाहिलेलं आहे. आपल्यातलाच एक मुलगा पुण्यात याच कामात आहे. सुट्टीवर येताना तो स्टेजबॉक्स आणि आवाज संगणकात उतरवणारा छोटा इंटरफेस उसना घेऊन आला. संध्याकाळी सातला बसलो. पडद्यावर पाढ्यांच्या तक्त्यासारखे चौकोन दिसतात, वर पाठवणारे, डावीकडे घेणारे. जिथे दोघांची गाठ तिथे टिचकी मारली की हिरवी खूण यायला हवी. साडेआठपर्यंत एकही हिरवी आली नाही. शेवटी सापडलं की संगणकाची बाजू 44,100 वर होती आणि मिक्सर 48,000 वर. दोघांचा ठेका एक केला, खुणा हिरव्या झाल्या. मग दर दोन-तीन मिनिटांनी 'टक्' असा आवाज येऊ लागला. तो होता स्विचमधल्या, म्हणजे नेटवर्कच्या केबली जोडणाऱ्या पेटीतल्या, वीजबचतीचा. काम कमी दिसलं की तो स्विच डुलकी घ्यायचा आणि इकडे यंत्रांच्या घड्याळांचा मेळ चुकायचा. बचत बंद केली, टक् थांबलं.

साडेनऊला एकानं मंचावर तानपुरा छेडला. स्पीकरमधून चार तारा आल्या आणि तारांच्या मागे काहीच आलं नाही. दाराशी चपला घालत असलेले आपले एक ज्येष्ठ सभासद मागे वळून म्हणाले, "बंद पडलं का रे?" आपल्या मंडपाला शांततेची सवय नाही हो.

इंटरफेसचा दुसरा उपयोग मला स्वतःला जास्त महत्त्वाचा वाटतो. कार्यालयातल्या पत्र्याच्या ट्रंकेत मंडळाच्या जुन्या बैठकींच्या स्पूल (मोठ्या चकत्यांवर गुंडाळलेल्या टेप) आणि कॅसेटी आहेत. काहींवर बुरशीचे पांढरे ठिपके दिसायला लागलेत, आणि दोन स्पूल उलगडताना टेपवरचा तपकिरी थर बोटाला लागला. त्या दोन्ही आम्ही तशाच गुंडाळून ठेवल्या. बाकीच्या इंटरफेसमधून संगणकात उतरवून घेता येतील. 24 बिटांत, म्हणजे बारीक मोजमापात, आवाजाच्या डाव्या-उजव्या दोन्ही बाजू धरून तासाला साधारण 1 जीबी जागा लागते, म्हणजे आज जागेचा प्रश्न उरलेला नाही. प्रश्न टेपच्या आयुष्याचा आहे. उतरवलेलं काहीही कलाकारांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय मंडळाबाहेर जाणार नाही.

आता पैशांचं. स्टेजबॉक्सला 1,40,000 रुपये, दोन स्विचना 30,000, केबल, पाइप आणि मजुरीला 25,000, संगणकाचा इंटरफेस आणि मागच्या खोलीची लाइन मिळून 50,000, नवी अर्थिंग आणि यूपीएस यांना 35,000. एकूण 2,80,000. सभासदांची वर्गणी आणि संक्रांतीच्या स्टॉलचे मिळून 95,000 हातात आहेत, 1,85,000 कमी पडतात. दोन स्विच आणि यूपीएस ही चैन वाटेल, पण आपल्या लश्कर भागातली लाइट कशी जाते-येते हे मी ग्वाल्हेरकरांना काय सांगणार?

सामान गणपतीआधी मागवायचं आहे आणि भिंतीचं काम पितृपक्षात, मंडप रिकामा असताना. पितृपक्षात नवी खरेदी नको म्हणणाऱ्यांची अशी सोय आपोआप झाली. नवरात्रातल्या पहिल्या कीर्तनाला नवी लाइन चालू असावी असा प्रयत्न आहे.

देणगी कार्यालयात संध्याकाळी 6 ते 8 स्वीकारली जाईल, 51 रुपयांचीही पावती मिळेल. देणगीवरची आयकराची सूट घ्यायची असेल तर 2,000 च्या वरची रक्कम रोख देऊ नका, चेकनं किंवा बँकेतून द्या, रोखीवर ती सूट मिळत नाही. ज्यांना पैसे देणं जमणार नाही त्यांच्याकडून आम्हाला आणखी काही हवं आहे. चालू स्थितीतलं स्पूल मशीन कोणाच्या माळ्यावर असेल तर चार महिन्यांसाठी द्या. नेटवर्कचं काम जाणणाऱ्या मुलामुलींनी दोन रविवार द्यावेत. आणि एक उंच शिडी. आपली शिडी मागच्या वर्षी मांडववाल्याकडे गेली ती गेलीच. स्पीकर मात्र कृपा करून आणू नका.

नावाची गोष्ट राहिली. या व्यवस्थेत प्रत्येक यंत्राला नाव द्यावंच लागतं आणि मिक्सरवर बसणाऱ्याला ते रोज पडद्यावर दिसतं. म्हणून कार्यकारिणीनं ठरवलं आहे की ज्यांच्या देणगीतून एखादं यंत्र येईल त्यांनी त्याचं नाव सुचवावं, आजीचं, गुरुजींचं, कोणाचंही. अट यंत्राचीच आहे. नाव रोमन अक्षरांत, 31 अक्षरांच्या आत, मधे जागा न सोडता. टिंबही चालत नाही, तेव्हा 'कै.' लिहिता येणार नाही. मागच्या खोलीच्या लाइनचं नाव त्या मावशींनी आधीच सांगून ठेवलंय: 'एकच-अभंग'.

आपला,
सचिव, कार्यकारिणीच्या वतीने