गणिताच्या प्रशिक्षणात खरा वर्ग हवा

महोदय,

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा आहे. गणिताच्या शिक्षकांचे हे तास तालुक्याच्या सभागृहात पडद्यावरची माहिती वाचण्यात जाऊ नयेत, यासाठी हे पत्र.

५२ मधून २७ वजा करताना एखादे मूल ३५ उत्तर लिहिते. वरच्या वर्गातले मूल ०.५ पेक्षा ०.३५ मोठे आहे असे ठामपणे सांगते. या चुका निष्काळजीपणाच्या नसतात. पहिल्या मुलाने प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलेला असतो, तर दुसऱ्याने ३५ आणि ५ यांची तुलना पूर्णांकांसारखी केलेली असते. अशा वेळी नियम पुन्हा सांगायचा, काड्यांचा गठ्ठा सोडायला लावायचा, शंभर चौकटींचा तक्ता रंगवून घ्यायचा, की आधी मुलालाच त्याची रीत समजावून सांगायला लावायची, हा निर्णय शिक्षकाला तिथल्या तिथे घ्यावा लागतो. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्येच मांडले होते की, विषयाचे ज्ञान आणि अध्यापनाची सर्वसाधारण हातोटी यांखेरीज, तो विशिष्ट विषय शिकवण्याचे असे एक वेगळे ज्ञान असते. माझ्या मते ते व्याख्यान ऐकून येत नाही.

जपानमध्ये शिक्षक एकत्र बसून एक पाठ आखतात, एक जण तो शिकवतो, बाकीचे मुलांच्या वह्यांकडे आणि बोलण्याकडे लक्ष ठेवतात व नंतर त्या पाठावर चर्चा होते. आपल्या कोकणात याची गरज अधिक आहे, कारण वाडीवस्तीवरच्या द्विशिक्षकी शाळेत दोन-तीन इयत्ता एकत्र सांभाळणाऱ्या शिक्षकाला गणिताविषयी बोलायला सहकारीच मिळत नाही, आणि तो तालुक्याला प्रशिक्षणासाठी गेला की मागे सारी शाळा एकट्यावर पडते.

म्हणून केंद्राच्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेतच (शिक्षकांच्या बैठकीतच) त्या गटातील मुख्य शाळेच्या, म्हणजे केंद्रशाळेच्या, मुलांना गणिताचा एक पाठ शिकवला जावा आणि उरलेला वेळ त्या एकाच पाठाच्या चर्चेला मिळावा. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या अधिव्याख्यात्यांनीही तिथे बसावे; मात्र या निरीक्षणाचा प्रशासकीय तपासणीशी काडीचाही संबंध नसावा, नाहीतर प्रत्येक जण आधी घोटून घेतलेला पाठच दाखवील. मुसळधार पावसाचे आठवडे टाळून रत्नागिरी व सिंधुदुर्गच्या जिल्हा परिषदांनी यंदा प्रत्येक तालुक्यातील निदान एका केंद्रात ही सुरुवात करावी, ही विनंती.

— एक प्राथमिक शिक्षक, राजापूर (जि. रत्नागिरी)